दम

पुढं जागाच नव्हती.
खाजाभाईनं बॉनेट उघडून हात घालून पाहिला,
इंजिन आणि रेडिएटरच्या मधे
तळहात उभा शिरेना.
मन्मथ म्हणाला, मग मागं बसवू.
मागं म्हणजे?
मागं म्हणजे मागं. सायलेन्सर काढायचा, त्याच्या जागी टर्बो.

दोन सीटांची, बिनछताची गाडी, गोव्याहून टेम्पोत आलेली.
रंग कधीकाळी लाल,
आता जालन्याच्या भट्ट्यांची काजळी बसून
वाळल्या मिरचीचा.
टर्बो भंगारातला, किलोच्या भावानं.
ज्या पिकअपचा होता तिनं जन्मभर मोसंबीच वाहिली असणार,
ब्रॅकेटच्या खाचेत साल निघाली,
चामडं झालेली.

मन्मथनं कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं :
जळका श्वास मागं जाईल,
जाता जाता एक पातं फिरवील,
त्याच दांडीवरचं दुसरं पातं
ताजी हवा दाबून पुढं पाठवील.
टाकून द्यायच्या श्वासातून नवा श्वास.
आठ फूट जायचं, नऊ फूट यायचं.
एवढं लांब? मी म्हणालो.
तेवढीच हवा गार होते, तो म्हणाला,
आणि पेन्सिल कानावर ठेवली.

सतरा जोड मी मारले, गाडीखाली उताणा झोपून.
ठिणग्या गळ्यात पडायच्या.
बाराव्या जोडाला पाईप वाकडा गेला,
मन्मथ बोलला नाही,
नुसता उकिडवा बसून राहिला. मी तो कापला.

तेलाचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.
टर्बो खाली, इंजिन वर,
आणि तेल काही आपण होऊन चढ चढत नाही.
खाजाभाई लेथ बंद करून म्हणाला,
उधारीच आहे ना ही.
द्यायला काय, देऊन मोकळं होता येतं.
वसुलीला माणूस ठेवावा लागतो.
मग वसुलीचा एक पंप आला, मुठीएवढा,
दिवसभर कुरकुरणारा.

आणि धूळ. फिल्टर मागच्या चाकापाशी,
रस्ता सरळ त्याच्या तोंडात.
गिरिजा बियाण्याच्या कंपनीत, उगवण तपासते.
तिनं चाळणीची जाळी आणली, बारीक, बाजरीही न सुटणारी,
आणि फिल्टरला टोपडं शिवलं.
मन्मथ हसला.
तिनं सुई त्याच्या हातात दिली : मग तू शिव.

रात्री दोनला बायपास.
मागं मिलची भट्टी आभाळ तांबडं करत होती.
मन्मथनं पाय दाबला.
काही नाही.
काटा शून्यावर, गाडी नेहमीसारखी, म्हातारी.
यायलं का? मी ओरडलो.
दम धर, तो म्हणाला.
एक खांब गेला. दुसरा.
मग पाठीमागून,
आपलं नाव विसरलेल्या माणसाला ते एकदम आठवावं
आणि त्यानं भर बाजारात हाक मारावी, तसं काहीतरी
पाठीला लागलं.
बारीक शीळ. काटा उठला.
माझी टोपी गेली. ती अजून तिकडंच कुठंतरी असेल.
पाच खांब, फार तर सहा.

मग निळा धूर. पंपाचा फ्यूज उडालेला.
वसुली थांबली, तेल तिकडंच साचलं,
गाडी चुलीसारखी धुमसायला लागली.
इंजिन बंद करून कठड्यावर बसलो तिघं.
खाजाभाईनं बिडीच्या पुडक्यातली चांदी गुंडाळली,
फ्यूजच्या जागी खुपसली.
असं करू नये, तो म्हणाला. केलं.
तिसाच्या वर न जाता घरी आलो.
मनगटाला पाईप लागला होता, ते दिवाबत्तीत दिसलं.

सकाळी गिरिजानं टोपडं सोडवून कागदावर झटकलं :
लाल माती, कापसाची बोंडातली तूस,
पतंगाचा अर्धा पंख,
आणि एक बी. कशाचं, तिलाही सांगता येईना.
ओल्या कागदात गुंडाळून ती घेऊन गेली.

चार दिवस झाले.
मी अजून विचारलं नाही.